मज्जापेशींचा चित्रकार

सांतियागो रामोन इ काहाल ह्याचा जन्म इ. स. १८५२ मध्यें स्पेन देशांतील एका खेड्यांत झाला. मुलास चित्रकलेचा नाद; वैद्य असलेल्या पित्यास तो मुळींच रुचेना. त्यानें मुलाला कांहीं काळ न्हाव्याकडे व जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीस ठेविलें. पुढें मात्र जुन्या कबरस्तानांतील हाडें आणून त्यानें त्यास शरीररचना शिकविली, आणि हाडांचीं चित्रें काढतां काढतां मुलगा वैद्यकाकडे वळला!

इटलीच्या गोल्जीनें मेंदूचे काप चांदीच्या क्षारानें रंगविण्याची रीत शोधिली होती. तींत थोड्याच पेशी काळ्या होतात. म्हणूनच एकेक पेशी सर्व शाखांसह वेगळी दिसते. ते काप काहालनें १८८७ मध्यें पाहिले. मेंदू म्हणजे एकसंध जाळें, असें गोल्जीचें मत. काहालनें पक्ष्यांचा लहान मेंदू तपासून, प्रत्येक मज्जापेशी स्वतंत्र असून ती दुसरींत मिसळत नाहीं, असें १८८८ मध्यें प्रसिद्ध केलें. पण स्पॅनिश लेख वाचणार कोण? पदरचे पैसे खर्चून तो १८८९ मध्यें बर्लिनला गेला. तेथें वयोवृद्ध कोलिकरनें त्याचे काप पाहून त्याचा पक्ष घेतला.

१९०६ चें नोबेल पारितोषिक काहाल व गोल्जी ह्यांस विभागून मिळालें. गोल्जीनें त्या प्रसंगींच्या व्याख्यानांतही जाळ्याचाच कैवार घेतला! काहाल १९३४ मध्यें वारला. दोन पेशींमधील सूक्ष्म फट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं प्रत्यक्ष दिसली, ती १९५० नंतर.