प्रकाशाची भाषा जाणणारे रामन

मुलांनो, शिसपेन्सिलीने कागदावर एक रेघ ओढा. ही काळी रेघ ग्रॅफाइटची, म्हणजेच कार्बनची असते. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असतात. असा एक सुटा थर केवळ एका अणूइतका जाड असतो. त्याला ग्राफीन म्हणतात. २००४ साली इंग्लंडमधील मँचेस्टरच्या शास्त्रज्ञांनी साध्या चिकटपट्टीने तो वेगळा केला. पण हाती आलेला थर एकच आहे की अनेक, हे कसे ओळखायचे? ते प्रकाश सांगतो! प्रकाशाची ही भाषा चंद्रशेखर वेंकट रामन यांनी जगाला शिकवली.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. १९०७ साली ते मद्रासमध्ये एम. ए. झाले. त्या काळी आपल्या देशात विज्ञानाच्या संशोधनावर पोट भरणे कठीण होते. म्हणून त्यांनी सरकारी हिशेब खात्यात मोठ्या पगाराची नोकरी धरली. कलकत्त्यात कचेरीपूर्वी आणि कचेरी सुटल्यावर ते प्रयोगशाळेत जात. पुढे कलकत्ता विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकाची जागा देऊ केली. तेथे पगार बराच कमी होता. मुलांनो, तुम्ही काय केले असते? रामन यांनी १९१७ साली सरकारी नोकरी सोडली आणि विज्ञानाची वाट धरली.

१९२१ साली जहाजाने प्रवास करताना भूमध्य समुद्राचे निळेशार पाणी पाहून त्यांना प्रश्न पडला. हे पाणी निळे का? आकाशाचे प्रतिबिंब पडते म्हणून, हे उत्तर त्यांना पटले नाही. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, असे त्यांनी दाखवून दिले. मग अनेक द्रवांतून प्रकाश सोडून ते तपासू लागले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांना व त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांना यश आले. पदार्थाने विखुरलेल्या प्रकाशापैकी अगदी थोड्या प्रकाशाचा रंग बदलतो. हा बदल प्रत्येक पदार्थात वेगळा असतो. यालाच 'रामन परिणाम' म्हणतात. त्यासाठी १९३० साली रामन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

२१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले. ग्राफीन त्यांनी पाहिले नाही. तरीही आज शास्त्रज्ञ ग्राफीनवर लेसरचा प्रकाश टाकतात आणि रामन यांच्याच रीतीने त्याचे थर ओळखतात.

२८ फेब्रुवारी हा दिवस आपण 'राष्ट्रीय विज्ञान दिन' म्हणून पाळतो. मुलांनो, त्या दिवशी तुम्हीही एक प्रश्न विचारा आणि त्याचे उत्तर स्वतः शोधून पाहा.