जिम ग्रे कोण होते? सर्व्हर ‘डाऊन’ दिसतो तेव्हा नेमकं काय कळतं?

समजा रात्रीचे अडीच वाजलेत. तुम्ही निघोजेतल्या एका कारखान्यात थर्ड शिफ्टला आयटी सपोर्टला आहात. लाइनवर गाडीचे पार्ट स्कॅन होतायत आणि प्रत्येक स्कॅनची नोंद कॅसँड्रा नावाच्या डेटाबेसमध्ये जातेय. हा डेटाबेस तीन सर्व्हर मिळून चालवतात. मध्येच स्कॅनिंग हळू झालं म्हणून तुम्ही टर्मिनलच्या काळ्या स्क्रीनवर ‘नोडटूल स्टेटस’ ही कमांड मारता. तीन सर्व्हरच्या तीन ओळी येतात. दोन ओळींच्या सुरुवातीला ‘यूएन’, तिसरीच्या सुरुवातीला ‘डीएन’. मागे उभा असलेला सुपरवायझर विचारतो, सर्व्हर मेला का?

प्रामाणिक उत्तर असं की, सांगता येत नाही. सुपरवायझर वैतागेल, पण खरंच त्या कमांडलाही ते माहीत नसतं. असं का, हे नीट कळायचं असेल तर जिम ग्रे या माणसाची गोष्ट माहीत हवी. डेटाबेसच्या जगात त्यांचं नाव फार मोठं आहे. आपल्याकडे कॉलेजच्या पुस्तकातही ते क्वचितच भेटतं.

आधी ती दोन अक्षरं समजून घेऊ

एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरच्या गटाला क्लस्टर म्हणतात आणि त्यातल्या प्रत्येक सर्व्हरला नोड. नोडटूल स्टेटस प्रत्येक नोडसाठी एक ओळ दाखवतं. पहिलं अक्षर यू म्हणजे अप किंवा डी म्हणजे डाऊन. दुसरं अक्षर नोड कुठल्या अवस्थेत आहे ते सांगतं: एन म्हणजे नॉर्मल, जे म्हणजे नव्याने सामील होतोय, एल म्हणजे सोडून चाललाय, एम म्हणजे जागा बदलतोय. पुढे आयपी अ‍ॅड्रेस, नोडवर किती डेटा आहे वगैरे.

आता मजा बघा. कुणीही वरून बसून सगळ्या नोडवर लक्ष ठेवत नाही. प्रत्येक नोड दर सेकंदाला दोन-तीन नोडशी बोलतो आणि स्वतःची व इतरांची खबर देतो-घेतो. या पद्धतीचं नावच ‘गॉसिप’ आहे. पारावरच्या गप्पा म्हणा ना! एखाद्याची खबर नेहमीपेक्षा जास्त वेळ आली नाही की बाकीच्यांचा संशय वाढत जातो आणि ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ते त्याला डाऊन धरतात. म्हणजे डीएनचा अर्थ एवढाच, की त्याच्याकडून काही ऐकू आलं नाही. तो जळाला, हँग झाला, की मधली वायर निघाली, यातलं काहीच त्या अक्षरात नसतं.

खाती, पैसे आणि कुलपं

जिम ग्रे यांचा जन्म १२ जानेवारी १९४४ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. वडील लष्करात होते, त्यामुळे लहानपणीची काही वर्षं रोममध्ये गेली. आई-वडील वेगळे झाल्यावर ते आई आणि बहिणीबरोबर परत सॅन फ्रान्सिस्कोला आले. आई शिक्षिका. एअर फोर्स अकॅडमीत प्रवेश मिळाला नाही, म्हणून १९६१ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले. तिथे केमिस्ट्रीत मार्क बरे पडेनात, मध्ये सहा महिने शिक्षणच सोडलं, मग परत आले. मार्कांवरून स्वतःला नापास ठरवणाऱ्यांनी ही ओळ पुन्हा वाचावी. कारण १९६९ मध्ये याच विद्यार्थ्याला बर्कलीच्या कॉम्प्युटर सायन्स विभागाची पहिली पीएचडी मिळाली.

पुढे आयबीएममध्ये त्यांनी जे काम केलं, ते तुम्ही रोज चहाच्या टपरीवर वापरता. तुम्ही यूपीआयने दहा रुपये पाठवले. तुमच्या खात्यातून दहा वजा व्हायला हवेत आणि टपरीवाल्याच्या खात्यात दहा जमा. मध्येच वीज गेली तर? पैसे कापले गेले आणि पोचले नाहीत असं होता कामा नये. दोन्ही नोंदी होतील किंवा एकही होणार नाही, या नियमाला ट्रान्झॅक्शन म्हणतात. ही कल्पना पक्क्या पायावर उभी करण्याचं श्रेय मुख्यतः ग्रे यांच्याकडे जातं. १९७० च्या दशकात आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत ‘सिस्टिम आर’ नावाचा डेटाबेस तयार होत होता. एकाच वेळी हजार लोक एकाच डेटाला हात लावतात तेव्हा कुणाला किती वेळ थांबवायचं, कुलूप अख्ख्या टेबलला लावायचं की एका ओळीला, हे हिशेब त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तिथे मांडले.

दोन्ही खाती वेगवेगळ्या मशीनवर असतील तर काम अजून अवघड होतं. १९७८ च्या एका दीर्घ लेखात ग्रे यांनी त्यासाठीची ‘टू-फेज कमिट’ ही पद्धत समजावली. एक मशीन आधी सगळ्यांना विचारतं, तयार आहात का? सगळे हो म्हणाले की मगच पक्कं करा असा हुकूम सुटतो. पण हो म्हटल्यानंतर विचारणारं मशीनच गप्प झालं तर? बाकीचे कुलूप धरून ताटकळत बसतात. त्यांना पुढेही जाता येत नाही, मागेही फिरता येत नाही. बंद पडलेलं मशीन परवडतं, पण बंद पडलंय की नाही हेच न कळणारं मशीन सगळ्यांना अडकवतं.

मी जिवंत आहे

१९८० मध्ये ग्रे टँडम कॉम्प्युटर्स या कंपनीत गेले. बँका आणि शेअर बाजारांना कधीच बंद न पडणारी मशीन हवी होती आणि टँडम ती बनवायची. एका मशीनमध्ये अनेक प्रोसेसर. प्रत्येक प्रोसेसर दर सेकंदाला बाकीच्यांना मी जिवंत आहे असा निरोप पाठवायचा. निरोप थांबला की त्याचं काम दुसरा उचलायचा. ही रचना ग्रे यांची नव्हे, ती त्यांच्या आधीपासून होती. पण आजच्या गॉसिपचं मूळ शोधत मागे गेलात तर असल्याच मशीनपाशी पोचाल.

ग्रे यांनी तिथे एक साधा प्रश्न विचारला: कॉम्प्युटर बंद का पडतात? १९८५ च्या त्यांच्या अहवालात टँडमच्या ग्राहकांकडे झालेल्या बिघाडांची मोजदाद आहे. हार्डवेअरमुळे झालेले बिघाड निघाले साधारण १८ टक्के. सॉफ्टवेअरमुळे २५. आणि सगळ्यात मोठा वाटा, ४२ टक्के, माणसांच्या कामाचा: चुकीची सेटिंग, देखभालीत झालेली गडबड, चुकीचं बटण.

त्याच अहवालात अजून एक गोष्ट आहे. बरेचसे सॉफ्टवेअर बिघाड असे असतात की शोधायला गेलं की गायब होतात. त्यांना ‘हायझेनबग’ म्हणतात. असा बग आला तर प्रोग्राम पुन्हा सुरू केला की बहुतेक वेळा तो नीट चालतो. फोन हँग झाला की दुकानदार आधी रीस्टार्ट करायला सांगतो ना? तो टाळाटाळ करत नसतो. त्यामागे खरं तर्कशास्त्र आहे.

नकाशे, तारे आणि आपलं पुणं

१९९५ मध्ये ग्रे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. कंपनीचं मुख्य ऑफिस सिअ‍ॅटलजवळ, पण त्यांना सॅन फ्रान्सिस्को सोडायचं नव्हतं, म्हणून कंपनीने तिथेच प्रयोगशाळा उघडली. १९९८ मध्ये ‘टेरासर्व्हर’ सुरू झालं. घरबसल्या उपग्रहाचे आणि विमानातून काढलेले फोटो वेबवर बघायचे. गुगल मॅप्सच्या कितीतरी आधी! त्याच वर्षीचा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला.

मग ते आकाशाकडे वळले. खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स सालाय यांच्याबरोबर त्यांनी ‘स्कायसर्व्हर’ उभारला. दुर्बिणीने टिपलेल्या कोट्यवधी तारे-दीर्घिकांची माहिती कुणालाही ब्राउझरमधून शोधता यावी म्हणून. जगभरच्या वेधशाळांचा डेटा असा जोडायचा, या कल्पनेला आभासी वेधशाळा म्हणतात. आपल्याकडे हे काम पुण्यात झालं. विद्यापीठाच्या आवारातली ‘आयुका’ आणि ‘पर्सिस्टंट सिस्टिम्स’ यांनी मिळून व्हर्च्युअल ऑब्झर्व्हेटरी इंडिया उभी केली.

२८ जानेवारी २००७

त्या रविवारी ग्रे आपली ४० फुटी शिडाची होडी घेऊन एकटेच निघाले. होडीचं नाव ‘टेनेशस’. आईच्या अस्थी समुद्रात विसर्जित करायच्या होत्या. जायचं होतं फॅरलॉन बेटांपर्यंत, किनाऱ्यापासून साधारण ४३ किलोमीटर. हवा स्वच्छ होती. सकाळी फोन लागत होता, घरच्यांशी बोलणं झालं. नंतर काहीच नाही. रात्री पत्नीने कोस्ट गार्डला कळवलं.

कोस्ट गार्डने चार दिवसांत १,३२,००० चौरस मैल समुद्र पालथा घातला. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळापेक्षाही जास्त. होडीवर संकटात सिग्नल पाठवणारं रेडिओ यंत्र होतं, त्याचाही सिग्नल आला नाही. मग त्यांचे मित्र आणि विद्यार्थी पुढे आले, आणि ते सगळे होते कॉम्प्युटरवाले. त्यांनी उपग्रहांचे फोटो मिळवले, त्यांचे पाच लाखांहून जास्त छोटे तुकडे केले आणि अ‍ॅमेझॉनच्या ‘मेकॅनिकल टर्क’वर टाकले. जगभरातल्या सुमारे १२,००० लोकांनी घरी बसून एकेक तुकडा डोळ्यांखालून घातला. निळ्या पाण्यात एखादा पांढरा ठिपका दिसतोय का? टेरासर्व्हर उभा करणाऱ्या माणसाचा शोध उपग्रहाच्याच फोटोंत चालला होता. हे लिहितानाही गलबलून येतं.

काहीच सापडलं नाही. मे अखेरपर्यंत समुद्राचा तळ सोनारने तपासला, तरी होडीचा तुकडाही नाही. अपघात झाला की होडी धडकली, आजपर्यंत कळलेलं नाही. कोर्टाने त्यांना कायद्याने मृत घोषित केलं ते २०१२ मध्ये, पाच वर्षांनी.

या शोधात मदत करणाऱ्यांत अ‍ॅमेझॉनचे तंत्रप्रमुख वर्नर व्होगल्स होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘डायनॅमो’ या डेटाबेसवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याच्या लेखकांपैकी अविनाश लक्ष्मण पुढे फेसबुकमध्ये गेले आणि प्रशांत मलिक यांच्याबरोबर त्यांनी कॅसँड्रा बनवला. २००८ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. तोच, ज्याची तिसरी ओळ निघोजेत डीएन दाखवतेय.

तर आता करायचं काय?

पहिली गोष्ट, तीच कमांड दुसऱ्या नोडवर बसून मारा. नोडटूल स्टेटस ज्या नोडला विचाराल त्याचंच मत सांगतं. कधीकधी एका नोडला दुसरा डाऊन दिसतो आणि त्या दुसऱ्याला पहिला. दोघेही ठणठणीत असतात, मधला स्विच झोपलेला असतो.

दुसरी गोष्ट, घाईत ‘रिमूव्ह नोड’ मारू नका. कॅसँड्रा गप्प झालेल्या नोडला यादीतून आपोआप काढत नाही. तो गेला हे ठरवायचं काम माणसावर सोडलेलं आहे. तोवर बाकीचे नोड त्याच्या वाट्याच्या नोंदी चिठ्ठ्यांसारख्या जपून ठेवतात, नेहमीच्या सेटिंगमध्ये तीन तास. प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती ठेवल्या असतील आणि काम दोन प्रतींवर भागत असेल, तर लाइन चालू राहते.

मग सर्व्हर रूममध्ये जा. दिवे लागलेत का? पंखा फिरतोय का? नेटवर्कची केबल जागेवर आहे का? ते ४२ टक्के लक्षात ठेवून आधी केबलच बघा. ती खोचल्यावर काही सेकंदांत गॉसिप पोचतं, डीएनचं यूएन होतं आणि साठवलेल्या चिठ्ठ्या त्या नोडकडे निघतात. नोड तीन तासांहून जास्त गप्प होता, तर पुढच्या चिठ्ठ्या साठवलेल्याच नसतात. मग त्या नोडवर ‘नोडटूल रिपेअर’ चालवावं लागतं, आणि सुपरवायझरला सांगावं लागतं की याला सकाळ होईल.