पंडिता रमाबाई आणि उघडे दार

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असे अध्यक्षबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी जरा घाबरलेच. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु वाचनाची आवड आहे, आणि रमाबाईंविषयी वाचल्यापासून एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तीच आज माझ्या भगिनींना सांगते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकांना संस्कृत शिकवू नये अशी त्या काळची रीत, पण त्यांनी आपल्या पत्नीला शिकवले, आणि आईने रमेला. पुढे दुष्काळात आईबाप अन्नावाचून गेले. रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास पायी देशभर हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. मग भाऊ गेला. १८८० साली बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झाले, मुलगी मनोरमा झाली, आणि १८८२ साली पटकीने पतीही गेले. चोवीस वर्षांच्या आत एवढे सारे!

त्याच साली त्या पुण्यास आल्या आणि आर्य महिला समाज काढला. म्हणजे आपल्यासारख्या महिला मंडळांची ती आजीच म्हणायची. १८८३ मध्ये विलायतेला गेल्या आणि तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आपल्या लोकांना ते फार लागले. अमेरिकेतील मंडळींनी दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास हलवले. सदनात धर्म शिकवायचा नाही, ज्या त्या मुलीने आपापला आचार पाळावा, असा नियम होता. स्वयंपाकसुद्धा सोवळ्याचा होत असे. तिथे शिकलेल्या गोदूबाईंचे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न झाले, हे पुष्कळजणींना ठाऊक असेल.

आता ती गोष्ट. रमाबाई रोज आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थनेला बसत. ना देऊळ, ना पाद्री. आईने आणि मुलीने देवाशी बोलायचे, एवढेच. पण खोलीचे दार त्या लावीत नसत. मुली येता-जाता बघत. आईच्या मायेला पारख्या झालेल्या त्या पोरी, काही जणी हळूच आत येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी कोणाला बोलावले नाही, आणि कोणाला उठवलेही नाही.

झाले, पुण्यात काहूर उठले. केसरीत टीका आली. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या, सदनाला आधार देणाऱ्या सल्लागारांनी अंग काढून घेतले. पुष्कळ पालकांनी मुली नेल्या. रमाबाईंनी दार लावून घेतले असते तर कदाचित सारे निभावले असते. पण आपल्याच घरात आपण देवाचे नाव लपून का घ्यावे, असे त्यांना वाटले.

मी यावर पुष्कळ विचार केला. माझी मुलगी वसतिगृहात राहून शिकते. ती रोज दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनेला बसते असे मला कळते, तर मीही पहिली गाडी धरून तिला आणायला गेले असते, हे खोटे कशाला सांगू? त्या पालकांना मी नावे ठेवीत नाही. शब्द दिला होता तो पाळला का, हे विचारण्याचा त्यांना हक्क होता. पण नेलेल्या विधवा मुलींचे पुढे घरी काय झाले असेल, हा विचार आला की घास गिळत नाही. आणि आपल्या वऱ्हाडात तर मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना घरोघर नेली. तिन्हीसांजेला चारचौघींनी मिळून बसावे यात भिण्यासारखे काही आहे, असे आपल्याला वाटतच नाही. भांडण बसण्याचे नव्हते, कोणाच्या नावाने बसायचे याचे होते.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात, म्हणजे आपल्या शेजारीच, दुष्काळ पडला. उपाशी राहणे काय असते हे रमाबाईंना कोणी सांगायला नको होते. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली व विधवा घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला जमीन घेतलेली होती, तिथे त्यांना ठेवले. तेच मुक्ती सदन. १९०० साली गुजरातच्या दुष्काळातल्या मुलीही आल्या. विहिरी खणल्या, शेती, विणकाम, छापखाना, सारे बायकांच्या हाती.

ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरी शेजारीपाजारी आपापल्या घरी लहान लहान गट करून प्रार्थनेला बसतात, असे रमाबाईंनी ऐकले होते. १९०५ च्या आरंभी त्यांनी मुलींना विचारले, रोज माझ्यासोबत कोण बसेल? सुमारे सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या, दिवसातून दोनदा बसत. महिनाअखेर असे झाले की मुली मोठ्याने रडत, आपले अपराध सांगत, आणि सगळ्या एकदमच मोठ्याने प्रार्थना करीत. बाहेरच्यांना तो गोंगाट वाटे, आणि काही पाद्र्यांनाही तो आवडला नाही. रमाबाईंनी त्यांना गप्प केले नाही. पुढे मुलींचे गट पाळीपाळीने भोवतालच्या गावांतही जाऊ लागले. मला त्यात एक दिसते. ज्या पोरींना घरात तोंड उघडायची सोय नव्हती, त्यांचा आवाज तिथे पहिल्यांदा मोठा झाला.

शेवटची वर्षे त्यांनी बायबल साध्या बायकांना समजेल अशा मराठीत आणण्यात घालवली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छपाईचे काम मुक्तीतल्या बायकांनीच केले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. त्या खोलीत आईशेजारी बसणारी तीच पहिली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. केडगावचे मुक्ती मिशन अजून चालू आहे.