ग्रंथालयाचा न्यायनिष्ठुर कारभारी : आंतोनिओ पानिझ्झी

ग्रंथांचा संग्रह करणें एक वेळ सोपें. परंतु तो सर्वांस सारखाच उपयोगी पडेल अशी व्यवस्था लावणें फार कठीण. हें कार्य लंडन शहरांत ज्यानें करून दाखविलें, तो इंग्रज नसून देशोधडीस लागलेला एक इटालियन होता, हें वाचून पुष्कळांस नवल वाटेल.

आंतोनिओ पानिझ्झीचा जन्म १६ सप्टेंबर १७९७ रोजीं इटलींतील मोडेना संस्थानांत ब्रेस्चेल्लो या गांवीं झाला. पार्मा येथें कायद्याची पदवी घेऊन तो वकिली करूं लागला. पण देशस्वातंत्र्यासाठीं झटणाऱ्या गुप्त मंडळींशीं संबंध आल्यामुळें १८२२ सालीं त्याला परागंदा व्हावें लागलें. पुढील वर्षीं त्याच्या गैरहजेरींत त्याला देहान्त शिक्षा ठोठावण्यांत आली, आणि वर त्या खर्चाची मागणीही त्याच्याकडे आली! लिव्हरपूल येथें इटालियन भाषेच्या शिकवण्या करून त्यानें पोट भरलें. १८३१ सालीं ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयांत त्याला साहाय्यकाची जागा मिळाली, व १८३७ सालीं तो मुद्रित ग्रंथांचा मुख्य अधिकारी झाला. परक्यास एवढें मोठें पद दिल्याबद्दल पुष्कळांनीं ओरड केली.

गरीब विद्यार्थ्यास विद्येचीं साधनें धनिकाइतकींच मिळालीं पाहिजेत, असें पानिझ्झीचें मत होतें. ग्रंथसूची नीट असावी म्हणून त्याच्या देखरेखीखालीं तयार झालेले ९१ नियम १८४१ सालीं छापण्यांत आले. कायद्यानें द्यावयाची प्रत देण्यास टाळाटाळ करणाऱ्या प्रकाशकांस त्यानें न्यायालयांत खेचलें. हवें असलेलें पुस्तक सूचींत पाहून त्याचें नांव व खूण प्रत्येक वाचकानें चिठ्ठीवर लिहून द्यावी, असा त्याचा दंडक होता. हा दंडक कित्येकांस जाचक वाटे. एका तक्रारखोर विद्वानाच्या चिठ्ठ्या पानिझ्झीनें तपासल्या, तेव्हां विलंबाचें कारण पुष्कळदां त्या चिठ्ठ्यांतील चुकाच होत्या असें दिसून आलें.

सर्वांत प्रखर विरोधक म्हणजे प्रसिद्ध लेखक टॉमस कार्लाइल. त्याला फ्रेंच राज्यक्रांतीचीं असंख्य चोपडीं पाहावयाचीं होतीं; पण त्यांची सूची झालेली नव्हती. आपल्यासारख्यास कांहीं खास सवलत मिळावी, असें त्याला वाटे. पानिझ्झीनें ती दिली नाहीं. कार्लाइलनें छापील लेखांत त्याला टोमणा मारला, आणि १८४९ सालीं सरकारी चौकशी मंडळापुढें गर्दी, गोंगाट व कोंदट हवा यांविषयीं कडक शब्दांत साक्ष दिली. याच चौकशींत सूची करणें हें अगदीं सोपें काम आहे असें म्हणणाऱ्या एका गृहस्थानें नमुन्यादाखल २५ नोंदी करून दिल्या. पानिझ्झीच्या साहाय्यकानें त्या तपासल्या, तों नोंदींपेक्षां चुकाच अधिक निघाल्या!

पानिझ्झी शांत स्वभावाचा होता असें मात्र नाहीं. तो तापट होता व हुकमत गाजवी. परंतु तक्रार करणारा कितीही अप्रिय असला, तरी तक्रारींतील तथ्य त्यानें नाकारलें नाहीं. वाचनाची जागा खरोखरच अपुरी व कोंदट होती. १८५२ सालच्या एप्रिल महिन्यांत त्यानें म्युझियमच्या मधल्या मोकळ्या चौकांत विशाल गोल वाचनगृह बांधण्याचा आराखडा स्वहस्तें रेखाटला. पुढच्याच वर्षीं एका सरदारपत्नीच्या रदबदलीनें कार्लाइलनें स्वतंत्र खोली मागितली. तीही त्याला नाकारण्यांत आली. मे १८५७ मध्यें १४० फूट व्यासाच्या घुमटाखालीं तें नवें वाचनगृह उघडलें. मध्यभागीं देखरेख करणाऱ्याचें आसन, त्याभोंवतीं सूचींचीं पुस्तकें, आणि तीनशेंहून अधिक वाचकांस स्वतंत्र बैठका! एकट्या कार्लाइलला न मिळालेली सोय आतां सर्वांचीच झाली. इकडे कार्लाइलच्या असंतोषांतूनही १८४१ सालीं घरीं पुस्तकें नेऊं देणारें ‘लंडन लायब्ररी’ हें ग्रंथालय निघालें होतें.

पानिझ्झी १८६६ सालीं सेवानिवृत्त झाला, १८६९ सालीं त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली, व ८ एप्रिल १८७९ रोजीं त्याचें देहावसान झालें. त्याच्या वाचनगृहांत कार्ल मार्क्सनें वर्षानुवर्षें अध्ययन केलें. १९२० नंतर लंडनमध्यें शिकत असतां आपले डॉ. बाबासाहेब आंबेडकरही तेथें दिवसचे दिवस वाचीत बसत. जेथें प्रतिष्ठितास खास दार नव्हतें, तेथें दूरदेशीच्या गरीब विद्यार्थ्यासही दार बंद नव्हतें.

विद्यार्थिमित्रहो, शाळेच्या ग्रंथालयांत चिठ्ठी नीट लिहावयास सांगितलें म्हणजे आपणांस राग येतो. त्या वेळीं हें स्मरावें कीं, नियम सर्वांस सारखा असतो म्हणूनच आपलीही पाळी येते.