तिसरा माणूस : चार्ली टेलर

विमानाचा शोध कोणी लावला? राईट बंधूंनी! शाळेतल्या पोरापासून आपल्या मेसच्या काकांपर्यंत कोणीही हेच सांगेल, आणि उत्तर बरोबरच आहे. आता जरा पुढचा प्रश्न. त्या विमानाचे इंजिन कोणी बनवले? हा प्रश्न मी आमच्या विंगमध्ये दहा-बारा जणांना विचारून पाहिला. एकाने फोर्ड सांगितले, एकाने डेमलर, बाकीचे गप्प! यात मेकॅनिकलवालेच जास्त होते, हे विशेष. उत्तर आहे चार्ली टेलर. विमान देखभालीच्या क्षेत्रात हे नाव आजही मानाने घेतले जाते. आपल्या कॅम्पसवर मात्र ते फारसे पोहोचलेले दिसत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

चार्ल्स एडवर्ड टेलरचा जन्म 24 मे 1868 रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एका खेड्यात झाला. घरचे लोक पुढे नेब्रास्काला गेले. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि चार्ली एका वर्तमानपत्राच्या कचेरीत निरोप्या म्हणून लागला. नंतर तिथल्याच बाइंडिंग खात्यात गेला. पण त्याचा जीव रमायचा तो यंत्रांत आणि धातूत. काही काळ त्याने घरांवर लावायचे धातूचे नंबर बनवून विकले. 1894 मध्ये हेन्रिएटा वेबर्टशी लग्न झाले आणि 1896 मध्ये हे कुटुंब ओहायो राज्यातल्या डेटन गावी आले. तिथे शेतीची अवजारे आणि सायकली बनवणाऱ्या कारखान्यात त्याला काम मिळाले. हेन्रिएटाच्या काकांच्या इमारतीत दोन भाऊ भाड्याने सायकलचे दुकान चालवत होते. विल्बर आणि ऑरविल राईट!

जून 1901 मध्ये राईट बंधूंनी चार्लीला आठवड्याला 18 डॉलर पगारावर ठेवून घेतले. काम काय, तर सायकली दुरुस्त करायच्या आणि मालक किटी हॉकला ग्लायडर उडवायला गेले की दुकान सांभाळायचे. थोडक्यात, मागे कोणीतरी भरवशाचा माणूस हवा होता. पण त्याच वर्षाच्या शेवटी भावांनी विंड टनेल बांधले, तेव्हा त्याच्या कामातही चार्लीचा हात लागलाच.

1902 चे ग्लायडर उत्तम उडाले. आता हवे होते इंजिन. निदान 8 हॉर्सपॉवर द्यायला हवे, वजन 200 पौंडांच्या आत हवे आणि थरथर कमीत कमी हवी. भावांनी अनेक इंजिन कंपन्यांना पत्रे लिहिली. जमेल असे कोणी म्हणेना. मग ठरले, आपणच बनवायचे. आणि 'आपण' म्हणजे मुख्यतः चार्ली! इंजिनांशी त्याचा तोवरचा परिचय किती? एकदा एका मोटारगाडीचे इंजिन दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता, एवढाच.

दुकानात मशिनरी होती एक लेथ आणि एक ड्रिल प्रेस. बाकी हाताची अवजारे. रीतसर ड्रॉइंग वगैरे काही नव्हते. तिघांपैकी कोणीतरी मिळेल त्या कागदाच्या कपट्यावर भागाचे रेखाटन करायचा आणि चार्ली तो कपटा बाकाच्या वर खिळ्याला अडकवून कामाला लागायचा.

त्याचा क्रँकशाफ्ट बघा. फोर्जिंगची सोय नाही. मग त्याने उच्च कार्बन स्टीलचा एक सपाट ठोकळा घेतला. लांबी 31 इंच, रुंदी 6 इंच, जाडी एक पूर्णांक पाच अष्टमांश इंच. त्यावर क्रँकशाफ्टचा आकार आखला. त्या रेघेला लागून ड्रिलने एकाशेजारी एक भोके पाडत गेला. मग छिन्नी-हातोड्याने मधला फालतू धातू ठोकून पाडला आणि उरलेला तुकडा लेथवर चढवला. तयार शाफ्टचे वजन 19 पौंड भरले. स्टीलची घनता धरून मी हिशोब केला, तर मूळ ठोकळा 85 पौंडांच्या आसपास येतो. म्हणजे तीन चतुर्थांशांहून जास्त लोखंड या माणसाने काढून टाकले, आणि राहिलेला शाफ्ट बॅलन्सलाही अगदी बरोबर निघाला. आपण फिटिंग शॉपमध्ये एका चौकोनी जॉबवर दोन आठवडे कानस घासतो, हे आठवा म्हणजे कल्पना येईल!

वजन वाचवण्यासाठी क्रँककेस ॲल्युमिनिअमची घ्यायची ठरली. ती डेटनमधल्याच एका फाउंड्रीत ओतून घेतली. मिश्रण होते 92 टक्के ॲल्युमिनिअम आणि 8 टक्के तांबे. इथे मटेरियल सायन्सवाल्यांनी कान टवकारावेत. ॲल्युमिनिअमचा मिश्रधातू वेळ जाईल तसा आपोआप कठीण होतो, हे जर्मनीतल्या आल्फ्रेड विल्मच्या ध्यानात आले 1906 मध्ये. त्यातूनच पुढे ड्युराल्युमिन जन्मले. पण राईटांच्या मूळ क्रँककेसचा तुकडा तपासून 1994 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निबंध आला, आणि त्यात दिसले की तेच प्रेसिपिटेशन हार्डनिंग इथे आधीच झाले होते. ओतकाम गार होताना ॲल्युमिनिअममध्ये तांब्याचे अतिसूक्ष्म पुंजके तयार झाले. ते डिस्लोकेशनला अडवतात, म्हणून धातू मजबूत होतो. फाउंड्रीवाल्यालाही हे ठाऊक नव्हते आणि चार्लीलाही. ज्ञान मागून आले, वस्तू आधीच उडून गेली होती.

इंजिन सहा आठवड्यांत उभे राहिले. चार सिलिंडर, बोअर आणि स्ट्रोक दोन्ही 4 इंच. स्पार्क प्लग नाही, कार्ब्युरेटर नाही, पाण्याचा पंपही नाही. पेट्रोल वरच्या टाकीतून आपल्या वजनाने खाली यायचे आणि गरम पृष्ठभागावर वाफ होऊन हवेत मिसळायचे. 12 फेब्रुवारी 1903 ला ते पहिल्यांदा सुरू झाले. दुसऱ्या दिवशी बेअरिंग जाम झाले आणि क्रँककेसला तडा गेला! नवीन ओतकाम येईपर्यंत एप्रिल उजाडला. पण पुन्हा जोडलेल्या इंजिनाने गरम झाल्यावरही सुमारे 12 हॉर्सपॉवर दिली. मागितली होती 8. त्या जादा चारमुळे भावांना विमान थोडे भक्कम करता आले.

त्या विमानावरची उपकरणे ऐकाल तर हसाल. वाऱ्याचा वेग मोजणारा ॲनेमोमीटर, एक स्टॉपवॉच आणि इंजिनाचे फेरे मोजणारा काउंटर. बस्स. पॅनल नाही, डायलची रांग नाही. पालथ्या झोपलेल्या वैमानिकाने एकच तरफ ओढली की इंजिन आणि तिन्ही उपकरणे एकदम बंद. तरीही त्या दिवसाचे आकडे आपल्याला आज माहीत आहेत. 17 डिसेंबर 1903, चार उड्डाणे, शेवटचे 59 सेकंदांचे आणि 852 फुटांचे.

चार्ली तिथे नव्हता. तो डेटनला दुकानावर होता.

पुढची काही वर्षे तो राईटांचा उजवा हात होता. 17 सप्टेंबर 1908 ला फोर्ट मायर येथे लष्करापुढच्या चाचणीत प्रोपेलर तडकला आणि विमान कोसळले. लेफ्टनंट सेल्फ्रिज दगावला, ऑरविल जबर जखमी झाला. त्यांना अवशेषांखालून काढणाऱ्यांत चार्ली होता. 1911 मध्ये कॅल रॉजर्स 'विन फिझ' या राईट विमानातून अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याकडे निघाला. तेव्हा खालून आगगाडीने जाऊन, विमान आदळेल तिथे ते पुन्हा जोडण्यासाठी चार्लीला दिवसाला 10 डॉलर मिळत. विमान इतक्यांदा आदळले की शेवटी मूळचे भाग अगदी मोजकेच उरले.

आता मला सगळ्यात लागलेला भाग. 1912 मध्ये विल्बर गेला. काही वर्षांनी ऑरविलने कंपनी विकली. 1928 मध्ये चार्ली कॅलिफोर्नियाला गेला, साठवलेला पैसा जमिनीत घातला आणि मंदीत तो सगळा बुडाला. 1930 मध्ये पत्नीही गेली. साठी ओलांडलेला चार्ली मग एका विमान कारखान्यात साधा मशिनिस्ट म्हणून लागला. शेजारच्या मशीनवरच्या पोरांना पत्ताही नव्हता, की विमानाचे पहिले इंजिन याच हातांनी घडवले आहे. त्याने तो सांगितलाही नाही. हेन्री फोर्डला राईटांचे दुकान जसेच्या तसे उभे करायचे होते, तेव्हा त्याने माणसे लावून चार्लीला शोधून काढले. 1938 मध्ये डिअरबॉर्नला ते दुकान उघडले. चार्ली 1941 पर्यंत फोर्डकडे होता. पुन्हा कॅलिफोर्निया, युद्धकाळात पुन्हा कारखाना आणि 1945 मध्ये हृदयविकाराचा झटका. त्यानंतर काम सुटले.

1948 मध्ये ऑरविल वारला. मृत्युपत्रात त्याने चार्लीला वर्षाला 800 डॉलर ठेवले होते. ते पुरणार कसे? 1955 मध्ये एका पत्रकाराला तो लॉस एंजेलिसच्या रुग्णालयात, धर्मादाय वॉर्डात सापडला. बातमी छापून आली आणि विमान उद्योगाने लगबगीने पैसे गोळा करून त्याला खासगी रुग्णालयात हलवले. काही महिन्यांतच, 30 जानेवारी 1956 ला तो गेला. बरोबर आठ वर्षांपूर्वी याच तारखेला ऑरविल गेला होता.

आज अमेरिकेत 50 वर्षे निष्कलंक काम केलेल्या विमान मेकॅनिकला त्याच्या नावाचा सन्मान मिळतो आणि 24 मे हा त्याचा जन्मदिवस मेकॅनिकांचा दिवस म्हणून पाळतात. छान आहे. पण मला विचाराल तर हे सगळे 50 वर्षे उशिरा झाले.

राईट बंधूंचे श्रेय यामुळे तसूभरही कमी होत नाही. पंख, नियंत्रण, प्रोपेलरचे गणित हे सारे त्यांचेच. पण ते गणित हवेत न्यायला लेथवरचा एक माणूस लागला. आपल्याकडेही ड्रॉइंगवर सही करणारा 'साहेब' आणि जॉब काढणारा 'कामगार' अशी भिंत आहे, आणि तिची पहिली वीट फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्येच रचली जाते. वर्कशॉप म्हणजे उरकून टाकायचे प्रॅक्टिकल, आणि तिथले निदेशक म्हणजे जर्नलवर सही देणारे गृहस्थ! फायनल इयरला प्रोजेक्टचा शाफ्ट गंडला की आपण धावतो मात्र त्यांच्याकडेच. प्रोजेक्ट रिपोर्टच्या आभाराच्या पानावर प्राचार्यांपासून मित्रांपर्यंत सगळे असतात. यंदा त्यात टर्नरकाकांचे नाव घाला, आणि जमल्यास पूर्ण नाव विचारून घाला.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल