पंडिता रमाबाई : परिस्थितीने घडविलेली व परिस्थिती घडविणारी

मुलगी जन्मास येते ती भित्री, परावलंबी किंवा मुकी म्हणून येत नाही. तरी हे गुण स्त्रीजातीच्या स्वभावातच आहेत असे पुष्कळांस वाटते. आमचे मत निराळे आहे. घर व समाज तिजकडून जी अपेक्षा करितात, तीच बहुधा काही वर्षांनी तिचा स्वभाव म्हणून ओळखली जाते. याचा पडताळा पंडिता रमाबाईंच्या चरित्रात जितका स्पष्ट मिळतो तितका क्वचितच अन्यत्र मिळेल. केडगावच्या कार्यामुळे त्यांचे नाव आमच्या बहुतेक मंडळ्यांस ठाऊक आहे. आज आम्ही त्यांच्या चरित्राकडे या एका दृष्टीने पाहणार आहोत.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. तरुणपणी आपल्या गुरूंजवळ असता, पेशव्यांच्या वाड्यात एक स्त्री संस्कृत शिकते हे त्यांस कळले, व आपल्याही घरी असेच करावे असे त्यांनी मनाशी ठरविले. पुढे त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला शिकविण्यास आरंभ केला, तेव्हा जातबांधवांत मोठा गवगवा झाला. उडुपी येथे विद्वानांपुढे उभे राहून त्यांस शास्त्राधारे आपली बाजू मांडावी लागली. गावातील कटकट नको म्हणून ते पश्चिम घाटातील गंगामूळ नावाच्या रानात जाऊन राहिले. तेथेच ता. २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

या घरात आईच मुलीची गुरू होती. पहाटे उठून ती लेकीकडून पुराणांतील श्लोक म्हणवून घेई, आणि असे करिता करिता मुलीस हजारो श्लोक मुखोद्गत झाले. तथापि या घरालाही समाजाची मर्यादा होतीच. वडिलांनी पुराणे शिकविली, पण वेद शिकविले नाहीत. कारण स्त्रीने वेद वाचू नयेत असे तेही मानीत. थोरली मुलगी कृष्णाबाई हिचा विवाह त्यांनी रूढीप्रमाणे लहानपणीच करून दिला होता व त्याचा परिणाम दुःखाचा झाला. तो अनुभव पाहून धाकटीच्या लग्नाची त्यांनी घाई केली नाही. दोघी एकाच आईबापांच्या लेकी. एकीस रूढीने बांधले, दुसरीस मोकळे सोडले, आणि दोघींची आयुष्ये किती भिन्न झाली!

तीर्थयात्रा करीत हे कुटुंब देशभर फिरत असता दुष्काळाने त्यास गाठले. इ. स. १८७४ मध्ये वडील वारले, मागोमाग आई, व पुढे कृष्णाबाईही गेली. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवास व रमा, पायी प्रवास करीत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांची अविवाहित ब्राह्मणकन्या विद्वानांच्या सभेत संस्कृतात बोलते हे पाहून लोक थक्क झाले, व त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. तेथेच केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत दिली. जी मर्यादा वडिलांनीही ओलांडली नव्हती, ती येथे ओलांडली गेली.

इ. स. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास या बंगाली वकिलाशी विवाह केला. वर ब्राह्मण नसल्यामुळे हा विवाह सरकारी कायद्यान्वये नोंदवून झाला. पुढील वर्षी मनोरमा जन्मली, व १८८२ च्या फेब्रुवारीत पतीस पटकीने मृत्यू आला. चोवीस वर्षांच्या आतच बाई विधवा झाल्या. रूढीच्या दृष्टीने आता त्यांनी केशवपन करून एका कोपऱ्यात आयुष्य काढावयाचे. परंतु रानातल्या त्या घराने त्यांस कोपऱ्यात बसावयास शिकविलेच नव्हते. त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला व हंटर कमिशनपुढे स्त्रियांच्या शिक्षणासंबंधी साक्ष दिली.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. याच वर्षी त्यांनी लिहिलेल्या स्त्रीधर्मनीति या पुस्तकात पत्नीच्या कर्तव्यांविषयी बराचसा जुनाच उपदेश आहे. पाचच वर्षांनी, १८८७ मध्ये, अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात मात्र उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दास्याचे परखड वर्णन आहे. एवढी मोठी विदुषी, तिचेही विचार सभोवतालच्या हवेतून सुटता सुटता सुटले. मग निरक्षर बहिणीस आपण एकदम दोष कसा द्यावा?

इ. स. १८८३ मध्ये बाई इंग्लंडला गेल्या व त्याच वर्षी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात त्या शिकू व संस्कृत शिकवू लागल्या. तेथे पुरुष विद्यार्थ्यांस शिकविण्याची गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी त्यास हरकत घेतली. जिने आपल्या देशात पंडितांच्या भरसभेत भाषणे केली, तिला ख्रिस्ती वडीलधाऱ्यांनी स्त्री म्हणून मागे ओढावे, हे बाईंस फार लागले व तसे त्यांनी पत्रांतून निर्भयपणे लिहिले. आम्ही ही हकीकत मुद्दाम सांगत आहो. स्त्रीस बांधून ठेवणारी रूढी फक्त दुसऱ्यांच्या घरी असते, असे आम्ही ख्रिस्ती लोकांनी समजू नये. बाईंनी नवा विश्वास स्वीकारला, पण लुगडे सोडले नाही की शाकाहार सोडला नाही. परिस्थिती मनुष्यास घडविते हे खरे. पण जागे मन तीतून काय घ्यावे व काय टाकावे हेही ठरविते.

इ. स. १८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांच्या नात्यातील आनंदीबाई जोशी यांस डॉक्टरची पदवी मिळाली, त्या समारंभास त्या हजर होत्या. परत आल्यावर ता. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. पहिल्याच विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. तिच्याशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला. शारदा सदन पुढे पुण्यास गेले. त्याच १८९३ साली धर्मांतराच्या शंकेने मोठे वादळ उठले व अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. तरी बाई डगमगल्या नाहीत.

इ. स. १८९६ च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतातून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या, व केडगाव येथे मुक्ति सदन उभे राहिले. बालविधवेस जन्मभर हेच ऐकविलेले असे की, तिच्याच पापाने तिचा पती मेला. अशा स्त्रियांस बाईंनी नुसते अन्नवस्त्र दिले नाही, तर काम व जबाबदारी दिली. त्या शेती करीत, विणकाम करीत, तेल गाळीत, गाईम्हशी पाहत व छापखाना चालवीत. बाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले; त्याचे खिळे याच स्त्रियांच्या हातांनी जुळविले. अपशकुनी ठरविलेले हात येथे पवित्र ग्रंथ छापू लागले! त्या स्त्रिया त्याच होत्या. भोवतालच्या लोकांची अपेक्षा तेवढी बदलली होती.

मनोरमा १८२१ नव्हे, तर १९२१ साली, आईच्या हयातीतच वारली. ता. ५ एप्रिल १९२२ रोजी बाईंनीही देह ठेवला. त्यांचे शास्त्राचे भाषांतर १९२४ मध्ये संपूर्ण प्रसिद्ध झाले.

आता आमच्या मंडळ्यांविषयी दोन शब्द. पनवेलजवळच्या आमच्या करंजाड्यात गाव वाढून शहरासारखे झाले आहे व नाना ठिकाणांहून कुटुंबे येऊन राहिली आहेत. घरे नवी, पण अपेक्षा पुष्कळदा जुन्याच. अभ्यासास बसलेल्या मुलीस भांड्यांसाठी हाक येते, आणि तिचा भाऊ ताट तेथेच टाकून उठतो. मुलगा रडला तर त्यास बायक्या म्हणून हिणवितात. मग तो दया लपविण्यास शिकतो व पुढे तीच कठोरता पुरुषपणा म्हणून मिरवितो. बांधले दोघेही जातात.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे. उपासनेत शास्त्रपाठ वाचावयास मुलींसही उभे करा. मंडळीतील विधवा बहिणीस केवळ मदतीची धनीण समजू नका. वर्गणीचा हिशेब तिच्या हाती द्या. मुलांस घरातील कामे आनंदाने करण्यास लावा. अनंतशास्त्र्यांजवळ संस्था नव्हती की द्रव्य नव्हते. रानातील एक झोपडी व मुलगी शिकू शकते हा भरवसा, एवढेच होते. तेवढे तर प्रत्येक गावी, प्रत्येक घरी असू शकते.