फ्रान्सिस डेव्हिस : मोटारीचें सुकाणू हलकें करणारा यंत्रज्ञ

अंबडच्या बाजारांत मोसंबीनें भरलेली एखादी जुनी पिकअप गाडी वळण घेतांना अडते. चालक दोन्ही हातांनीं स्टिअरिंगचें चाक ओढतो, कपाळावर घाम येतो, आणि अखेर मिस्त्री सांगतो कीं, पॉवर स्टिअरिंगचा बॉक्स झिजला, तो बदलावयास हवा. ज्या यंत्राचें महत्त्व तें बिघडल्यावरच आपणांस कळतें, त्याच्या जनकाची ही थोडक्यांत हकीकत आहे.

फ्रान्सिस डेव्हिस यांचा जन्म १८८७ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं झाला. १९१० मध्यें हार्वर्ड विद्यापीठाची यंत्रशास्त्राची पदवी घेऊन ते बफेलो येथील पिअर्स-ॲरो या मोटारींच्या कारखान्यांत दाखल झाले. तेथें मालमोटारींच्या विभागाचे ते मुख्य यंत्रज्ञ झाले. त्या काळीं अवजड मालमोटार वळविणें हें मल्लाचें काम होतें. चाक खड्ड्यांत गेलें, तर त्याच्या हिसक्यानें सुकाणू हातांतून निसटे व अपघात घडे. गाडीचा भार मनुष्याच्या बाहूंनींच कां पेलावा, हा विचार डेव्हिस यांच्या मनांत घोळूं लागला.

पुढें नोकरी सोडून त्यांनीं वॉल्थॅम गांवीं लहानशी कर्मशाळा उघडली. जॉर्ज जेसप नांवाचा कुशल कारागीर त्यांच्या साह्यास होता. तेलाच्या दाबानें काम करून घेतां येतें, हें ठाऊक होतें. परंतु दाब सतत कोंडून ठेविला म्हणजे तेल झिरपूं लागे. डेव्हिस यांनीं युक्ति उलटी केली. तेल मोकळेपणीं फिरत राहावें, आणि चालकानें चाक वळवितांच झडपेनें त्याची वाट अडवावी; म्हणजे गरजेपुरताच दाब उत्पन्न होऊन चाकांस मदत मिळे.

१९२६ सालीं हें यंत्र बसविलेली पिअर्स-ॲरो गाडी त्यांनीं स्वतः चालवून दाखविली. जनरल मोटर्स कंपनीनें त्यांस आपल्याकडे घेतलें. यश आतां हाताशीं आलें असें वाटलें. पण जगांत मंदी आली, खर्च फार होईल असा हिशेब निघाला, आणि १९३४ मध्यें काम थांबलें. डेव्हिस खचले नाहींत. १९३६ सालीं ते बेंडिक्स कंपनीकडे गेले. दुसऱ्या महायुद्धांत चिलखती गाड्यांना हें यंत्र लाभलें. पण सामान्य जनतेस १९५१ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षीं क्रायस्लर कंपनीनें आपल्या इंपीरियल गाडींत तें प्रथम विक्रीस आणिलें, तेव्हां डेव्हिस यांच्या कांहीं मूळ पेटंटांची मुदत संपून गेली होती! पंचवीस वर्षें ज्यानें वृक्ष वाढविला, त्याचीं पहिलीं फळें दुसऱ्यानें तोडलीं. मात्र लवकरच जनरल मोटर्सनेंहि डेव्हिस यांच्याशीं करार करून हें यंत्र आपल्या गाड्यांना बसविलें. १९७८ सालीं डेव्हिस निवर्तले, तेव्हां त्यांची कल्पना देशोदेशींच्या गाड्यांत रुजली होती.

आतां पुन्हां आपल्या मिस्त्रीकडे पहा. नवा बॉक्स बसवितांना तो चाकें सरळ ठेवितो व बॉक्सचा मध्य जुळवितो. नळ्या घट्ट करून तेल भरतो. मग सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवून आंतली हवा बाहेर घालवितो. हवा राहिली, तर यंत्र कण्हूं लागतें. सांधा सैल राहिला, तर जिवावर बेतते. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. इंजिन बंद पडलें तर तेलाची मदत थांबते, चाक जड होतें. परंतु दांड्यांचा जोड कायम असल्यामुळें गाडी वळवितां येते. सहाय्य घ्यावें, पण केवळ त्यावर विसंबूं नये, हा धडा त्या लोखंडी पेटींतहि आहे.

विद्यार्थिमित्रहो, डेव्हिस यांचें मोठेपण एका युक्तींत नाहीं. नकार ऐकूनहि ती युक्ति पंचवीस वर्षें जतन करण्यांत आहे. तुमच्या हातचें काम आज कोणी नाकारील, तर त्यांत दोष असल्यास तो सुधारा. आणि तें खरें असेल, तर टाकूं नका.